थोरलीला माहीत होतं

संस्थेत दोघी सख्ख्या जावा कामाला होत्या, त्यामुळे त्यांना नावानं हाक मारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. एक थोरली आणि एक धाकटी. फाटकावरच्या रखवालदारापासून अधीक्षक बाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं होतं.

थोरली बावन्न वर्षांची. रुंद खांदे, जाड मनगटं आणि जिना चढताना कठड्याला हात न लावण्याची सवय. धाकटी तिच्याहून सोळा वर्षांनी लहान, किरकोळ बांध्याची. चार वर्षांपूर्वी थोरलीनंच अधीक्षक बाईंकडे शब्द टाकून तिला संस्थेच्या स्वयंपाकघरात चिकटवलं होतं. पुढं माणसं कमी पडली तशी ती वर, मुलांच्या मजल्यावर आली.

मुलं म्हणायची ती पद्धत. राहणारे अडतीस जण होते, त्यातला सर्वांत लहान एकवीस वर्षांचा आणि सर्वांत मोठी साठीला टेकलेली. समज लहानपणीच कुठंतरी अडकून राहिलेली ही माणसं. काहींना बोलता येत नव्हतं. काही जण बिथरले की स्वतःला चावत, दुसऱ्याला मारत, हाताला लागेल ते फेकत.

अशा वेळी मजल्यावरून एकच ओरडा व्हायचा : "थोरलीला बोलवा!"

मग थोरली असेल तिथून निघायची. चहा अर्धा टाकून, हात साबणाचे असले तर तसेच ॲप्रनला पुसत. बिथरलेल्या माणसाच्या मागून जायची, काखेतून हात घालून त्याची मनगटं त्याच्याच छातीवर आवळायची आणि त्याला घेऊन चटईवर खाली बसायची. श्वास संथ होईपर्यंत सोडायची नाही. कुठं ओरखडा नाही, वळ नाही. धिप्पाड कसरत-शिक्षकालाही ते जमत नसे. काम झालं की थोरली केसांची क्लिप नीट करत परत यायची आणि म्हणायची, "माझा चहा कुणी ओतला?" बावीस वर्षांत ओतायची कुणाची छाती झाली नव्हती.

या सगळ्यांत तिचा सर्वांत लाडका होता पोस्टमन. छत्तीस वर्षांचा, उंच, बोलणं अजिबात नाही. हातात कायम जुनी पाकिटं. ती एकाच्या मांडीवर ठेवायची, दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवायची, मग परत गोळा करायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. चौदा वर्षांपूर्वी तो आला त्या दिवशी थोरलीचीच पाळी होती. संस्थेत बिथरण्यात त्याचा पहिला नंबर आणि त्याला धरण्यात तिचा. "माझ्याशिवाय आवरत नाही हो तो," असं ती पाहुण्यांना सांगायची, आई पोराची तक्रार करते तशी, कौतुकानं.

त्या वर्षी संस्थेत प्रशिक्षण आलं.

बाहेरून एक बाई आल्या, पांढऱ्या केसांच्या आणि हळू बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं, "बिथरणं हे बोलणंच असतं. ज्याला शब्द नाहीत तो खुर्ची फेकून सांगतो. आपण त्याला धरतो, कोंडतो, तेव्हा त्याचं बोलणं बंद होतं, कारण मात्र तसंच राहतं. म्हणून कारण शोधायचं, आजूबाजूचं बदलायचं, मागायची दुसरी रीत शिकवायची. धरायचं नाही."

शेवटचे दोन शब्द ऐकून हॉलमधल्या निम्म्या माना थोरलीकडे वळल्या. थोरली खिडकीबाहेर बघत होती.

बारा आठवड्यांच्या शिक्षणासाठी संस्थेतून दोघांना घेणार होते. थोरलीनं गृहीतच धरलं होतं. दुसऱ्या दिवशी यादी लागली, त्यावर कसरत-शिक्षक होता आणि धाकटी होती.

थोरली सरळ अधीक्षक बाईंच्या खोलीत गेली. "बाई, चुकून काही राहिलंय का यादीत?"

अधीक्षक बाईंनी खुर्ची दाखवली, पण ती बसली नाही. "तुम्ही गेलात तर मजला कोण सांभाळणार? काही झालं तर धरायला कोण?"

"म्हणजे धरायचं नाही हे शिकायला पाठवायचंय, आणि मी धरते म्हणून मला पाठवायचं नाही."

"तसं नाही हो. तुम्हाला आता काय शिकायचंय? तुमचं सगळं झालंय."

तिला वाटलं, ही स्तुती नव्हे, बोळवण आहे. 'सगळं झालंय' म्हणजे काय? ती बाहेर आली तर जिन्यापाशी धाकटी उभी, चेहरा कावराबावरा. "ताई, मी नको म्हणू का? तुमचा हक्क आहे."

"मला भीक घालू नकोस," थोरली म्हणाली. मग जरा सावरून, "जा की. शिक. घरात एक तरी शहाणं असू दे."

घर एकच होतं. खालच्या मजल्यावर थोरली आणि तिचा नवरा, वर धाकटा दीर, धाकटी आणि त्यांची मुलगी. स्वयंपाकघर खाली, सामाईक. आतापर्यंत संध्याकाळी दोघी जावा तिथं संस्थेतल्या गमती सांगत भांडी आवरायच्या. आता धाकटी भांडी पटकन उरकून टेबलावर वही मांडू लागली. हिरव्या रेघा, लाल रेघा, रकाने. शेजारी पुतणी शाळेचा अभ्यास करत बसे, आणि मायलेकी एकच खोडरबर वापरत.

थोरली भांडी घासायची आणि मांडणीवर ठेवायची ती जरा जास्तच आवाज करत.

"ताटं फोडतेस का काय?" नवऱ्यानं एकदा विचारलं.

"स्टीलची आहेत. फुटत नाहीत."

"मग कशाला प्रयत्न करतेस?"

दीर हसला, धाकटीही हसली. थोरलीला तेव्हा त्या हसण्याचा इतका राग आला की तिनं एकच ताट दोनदा घासलं. आत काहीतरी सारखं खुपत होतं आणि कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगणार काय? जिला आपण बोट धरून आणलं ती पुढं गेली म्हणून जळफळाट होतोय, हे? तिला स्वतःलाच ते कबूल नव्हतं. ती मनाशी म्हणायची, कागदावर रेघा मारून माणसं शांत होत असती तर मग काय हवं होतं.

आणि संस्थेत मात्र रोज एक नवीन टोचणी. अधीक्षक बाई धाकटीला खोलीत बोलावून दार लोटून घेत. नवीन लागलेल्या दोघी मुली 'धाकट्या ताई, हे कसं करायचं' विचारत तिच्या मागं फिरू लागल्या. एकदा तर पोस्टमननं आपलं सगळ्यांत आवडतं, पारदर्शक खिडकी असलेलं पाकीट धाकटीच्या मांडीवर ठेवलं. तसं तो कुणाच्याही ठेवायचा. पण थोरलीनं ते बघितलं आणि त्या दुपारी ती पोस्टमनकडे फिरकली नाही.

शिक्षणातला मोठा भाग म्हणजे एका माणसाचा अभ्यास. धाकटीनं पोस्टमन निवडला.

"दुसरा कुणी सापडला नाही?" थोरलीनं विचारलं.

"त्यालाच सगळ्यांत जास्त वेळा धरावं लागतं ना, ताई. म्हणून."

तिनं मजल्यावर एक तक्ता लावला. आधी काय घडलं, त्यानं काय केलं, मग काय झालं. प्रत्येकानं भरायचा. चार आठवड्यांनी एका संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरात तो तक्ता थोरलीसमोर पसरला. "ताई, हे बघा. सगळे म्हणतात तो कधीही बिथरतो. पण नाही. सहा वेळांपैकी चार वेळा मंगळवार. वेळही तीच, दहा ते बारा. 'आधी काय घडलं' मध्ये मात्र सगळ्यांनी 'काही नाही' लिहिलंय. तुम्ही त्याला पहिल्या दिवसापासून ओळखता. मंगळवारी काय होतं?"

थोरलीला माहीत होतं.

मंगळवारी लॉन्ड्रीची गाडी येई. वरच्या मजल्यांवरच्या चादरी चादरींतच बांधून त्यांची गाठोडी जिन्यानं खाली आणत आणि मोठ्या दाराशी रचून ठेवत. ती इतकी वर्षं तिथं असायची की कुणाला दिसतच नसत. पोस्टमनला दिसत. चौदा वर्षांपूर्वी त्याचा बाप त्याला घेऊन आला तेव्हा त्याचे कपडे एका चादरीत बांधलेले होते. बापानं ते गाठोडं त्याच दाराशी ठेवलं, त्याला म्हणाला, "बस हं, आलोच," आणि गेला तो गेलाच. पोरगा दोन दिवस त्या गाठोड्यावरून उठला नव्हता. हे कुठल्याही कागदावर नव्हतं. त्या वेळची बाकीची माणसं सोडून गेली होती. गाठोडी दिसली की पोस्टमन आधी नुसता जोरजोरात चालायला लागायचा, हॉलपर्यंत पोचायचा आणि तिथं उद्रेक. त्यामुळे बघणाऱ्याला वाटे, हॉलमध्येच काहीतरी झालं असावं. थोरलीला कळत होतं. पण त्यावर काही करता येईल असं तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. गाठोडी यायची, तो बिथरायचा, ती धरायची. असंच चालत आलं होतं.

आता धाकटी पेन उघडून बसली होती. तिचे डोळे चमकत होते. तिनं हे लिहून घेतलं असतं, त्या पांढऱ्या केसांच्या बाईंना दाखवलं असतं आणि बाई म्हणाल्या असत्या, वा, काय शोधून काढलंत.

"काय माहीत बाई," थोरली म्हणाली. "मला सोमवार आवडत नाही, त्याला मंगळवार आवडत नसेल."

धाकटी हसली आणि तिनं पेनाचं टोपण लावलं.

मग तिनं स्वतःच शोधायला घेतलं. मंगळवारी हॉलची फरशी उग्र वासाच्या औषधानं पुसत, ते तिनं बदलायला लावलं. कसरतीचा तास संध्याकाळी नेला. आणि नेमके दोन मंगळवार पोस्टमन शांत राहिला. धाकटीनं आनंदानं तक्त्यात हिरव्या खुणा केल्या, अधीक्षक बाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

थोरलीला हेही माहीत होतं की त्या दोन आठवड्यांत लॉन्ड्रीचं यंत्र बंद होतं आणि चादरी संस्थेच्या गच्चीवर धुतल्या जात होत्या. तिनं टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना तिला, खोल कुठंतरी, थोडंसं सुखही वाटलं.

आठव्या आठवड्यात प्रशिक्षिका बाई प्रत्यक्ष काम बघायला येणार होत्या. वार मंगळवार. आणि लॉन्ड्री त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झालेली, त्यामुळे साठलेल्या पडद्यांसकट चादरींची नऊ गाठोडी दाराशी रचलेली, पार खिडकीच्या उंचीपर्यंत.

थोरली जिन्यावरून उतरत होती तेव्हा तिनं ती पाहिली. पोस्टमन अजून वरच होता. त्याला मागच्या जिन्यानं न्यायला दोन मिनिटं पुरली असती. ती दोन मिनिटं ती तिथंच कठड्यापाशी उभी राहिली, उगाच ॲप्रनची गाठ सोडून परत बांधत.

पोस्टमन खाली आला. गाठोड्यांपाशी थबकला. मग लांब ढांगा टाकत हॉलमध्ये शिरला, आणि पहिली खुर्ची भिंतीवर आदळल्याचा आवाज आला.

धाकटी शिकवलं होतं तसं वागली. बाकीच्यांना शांतपणे बाहेर काढलं, खुर्च्या मागं सारल्या, त्याच्यापासून चार पावलांवर उभी राहून हलक्या आवाजात बोलत राहिली. प्रशिक्षिका बाई भिंतीला टेकून बघत होत्या. पण तो थांबेना. त्यानं सूचनाफलकाच्या काचेवर बुक्की मारली, काच खळ्ळकन खाली आली आणि त्याच्या तळहातातून रक्त वाहू लागलं.

"थोरली, धरा त्याला!" दारातून कुणीतरी ओरडलं.

"ताई, नको!" धाकटी म्हणाली. "काचा बाजूला करते मी, फक्त जरा वेळ द्या."

थोरली आत गेली. मागून, काखेतून, मनगटं छातीवर. खाली बसली. त्याचं रक्त तिच्या ॲप्रनवर पसरत होतं आणि त्याची मान वाकडी होऊन दाराकडे वळलेली होती. ती तशीच राहिली, लॉन्ड्रीवाल्यानं शेवटचं गाठोडं उचलून गाडीत टाकेपर्यंत. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो सैल पडला.

सगळे म्हणाले, थोरली होती म्हणून वाचलो. अधीक्षक बाईंनी तिचा हात दाबला. प्रशिक्षिका बाई जाताना धाकटीच्या कागदावर 'पुन्हा पाहावं लागेल' असा शेरा लिहून गेल्या. पोस्टमनच्या हाताला पाच टाके पडले.

म्हणजे थोरली जिंकली होती. घरी जाताना ती त्या सुखाची वाट बघत राहिली, ते काही येईना. धाकटी नेहमीसारखी जेवली, भांडी घासली, आणि वर जाताना जिन्यात थांबून म्हणाली, "ताई, आज तुम्ही नसता तर मोठं काही झालं असतं. मी थिजलेच होते." टोमणा असता तर थोरलीनं परतवला असता. तो टोमणा नव्हता.

पुढचे काही दिवस पोस्टमनला पाकिटं धरता येईनात. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन तो बाकावर नुसता बसून राही. थोरली दुपारी त्याच्या शेजारी जाऊन बसू लागली. एकदा तिनं त्याच्या डोक्यावरच्या फळीवरची नोंदवही घ्यायला हात वर केला, आणि तो सर्रकन खाली वाकला. डोकं गुडघ्यांत, दोन्ही हात मानेवर, पट्टीचा हातसुद्धा.

थोरलीचा हात तसाच वर राहिला.

तिला आधी कळलं नाही, मग कळलं. चौदा वर्षं तिला वाटत होतं की तिच्या मिठीत याला बरं वाटतं, म्हणून तो शांत होतो. तिनं हात हळूच खाली घेतला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. बऱ्याच वेळानं त्यानं डोकं वर काढून आधी तिच्या हातांकडे पाहिलं, तोंडाकडे नाही. तिनं हात मांडीखाली दाबून ठेवले.

त्या संध्याकाळी धाकटी टेबलावर एकटीच होती. पुतणी खेळायला गेलेली. थोरली हात पुसत तिच्यासमोर येऊन बसली.

"तुझा तक्ता दे."

धाकटीनं दिला. थोरलीनं 'आधी काय घडलं' वर बोट ठेवलं. "इथं गाठोडी लिही. लॉन्ड्रीची. जे दोन मंगळवार तो शांत होता तेव्हा लॉन्ड्री बंद होती. औषधाचा संबंध नव्हता." मग तिनं बापाचं सांगितलं, 'बस हं, आलोच' सकट सगळं.

धाकटी भराभरा लिहीत होती. मध्येच तिचं पेन थांबलं. "हे तुम्हाला केव्हा कळलं?"

थोरलीनं टेबलावरचं खोडरबर उचलून परत ठेवलं.

"मी विचारलं होतं तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"आणि बाई आल्या त्या मंगळवारी?"

"गाठोडी मी बघितली होती."

धाकटी उठली. तिचा आवाज चढला नाही, तेच थोरलीला जड गेलं. "मला नापास करायचं होतं तर माझं काय ते करायचं होतं ना, ताई. त्याच्या हाताला पाच टाके पडलेत." वही उचलून ती वर निघून गेली.

आठवडाभर ती थोरलीशी कामापुरतं बोलली. 'मीठ द्या', 'पाळी तुमची आहे', एवढंच. दीर आणि नवरा एकमेकांकडे बघत आणि चुपचाप जेवत. थोरलीनं कसलीही सफाई दिली नाही. द्यायला नव्हतीच.

पण काम थांबलं नाही. धाकटीनं लॉन्ड्रीवाल्याला गाठलं आणि गाठोडी बंद करून चाकांच्या, झाकणांच्या निळ्या पेट्या आणवल्या. पेट्या मागच्या दारानं जाऊ लागल्या. पोस्टमनच्या पलंगाचा, त्याच्या कपाटाचा फोटो काढून तिनं एक कार्ड केलं. मंगळवारी सकाळी ते त्याला दाखवायचं, पलंगाकडे बोट करायचं : तुझं इथंच आहे. शिवाय त्याला दुसरं एक लाल कार्ड शिकवलं. ते त्यानं दाखवलं की त्याला ताबडतोब बागेत न्यायचं, 'का' विचारायचं नाही.

थोरली लांबून बघत होती आणि तिला पुन्हा जळजळ झाली. फोटोचं आपल्याला का सुचलं नाही? पण या वेळी ती धाकटीकडे गेली आणि रुक्षपणे म्हणाली, "पेट्या लपवून नेल्यास तर कधी ना कधी त्याला दिसणारच. कपड्यांच्या यादीचा कागद पाकिटात घालून त्याच्याकडे दे. तो लॉन्ड्रीवाल्याला देईल. गाडी जाते, पुढच्या मंगळवारी तेच कपडे घेऊन परत येते, हे त्याला बघू दे."

धाकटीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "हे मी वहीत लिहू?"

"लिही. नाव नको घालूस माझं."

"घालणार," धाकटी म्हणाली. आठ दिवसांतलं ते पहिलं सरळ बोलणं.

पहिल्या दोन मंगळवारी पोस्टमननं लाल कार्ड दाखवून बाग गाठली. तिसऱ्या मंगळवारी तो पेट्यांपर्यंत आला आणि लॉन्ड्रीवाल्याच्या हातात पाकीट कोंबून पळाला. चौथ्याला पळाला नाही. पुढच्या चार महिन्यांत तो एकदाच बिथरला, तेही दाढ दुखत होती म्हणून, आणि तेव्हाही त्याला कुणी धरलं नाही. नोंदवहीतला 'धरलं' हा रकाना कोरा राहू लागला. हळूहळू बाकीच्यांचाही. मजल्यावर 'थोरलीला बोलवा' हा ओरडा ऐकू येईनासा झाला. थोरली निवांतपणे पूर्ण चहा प्यायची आणि तो तिला पूर्वीसारखा गोड लागायचा नाही.

धाकटी दुसऱ्या खेपेला उत्तीर्ण झाली. सगळ्यांसमोर अहवाल वाचताना तिनं म्हटलं, "यातली मुख्य माहिती आमच्या थोरल्या ताईंनी दिली." केव्हा दिली ते सांगितलं नाही. टाळ्या झाल्या. थोरलीला वाटलं, चांगुलपणातसुद्धा हिनं मला मागं टाकलं.

पुढच्या तुकडीत तिनं स्वतःहून नाव दिलं. तिला रकाने भरणं जमेना, 'वर्तन' हा शब्द ती प्रत्येक वेळी वेगळा लिही. पुतणी तिला शुद्धलेखन शिकवायची आणि चुकलं की कपाळाला हात लावायची. पण माणूस बघण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. कोण कोणत्या आवाजानं दचकतं, कुणाचे दात दुखतायत, कुणाला खुर्चीच्या कुठल्या बाजूला बसायला आवडतं, हे ती एका दुपारीत सांगायची. तिनं हात वर केला की पोस्टमन खाली वाकायचा, ते थांबायला मात्र जवळजवळ वर्ष लागलं.

दोन वर्षांनी दुसऱ्या गावातल्या एका संस्थेनं धाकटीला तीन दिवस शिकवायला बोलावलं. ती खाली आली आणि म्हणाली, "ताई, तुम्हीही चला. तक्ते मी सांगते, माणसांचं तुम्ही सांगा."

"पत्रिकेवर नाव आधी कुणाचं?"

"वयानं लावू."

"मग चालेल," थोरली म्हणाली.

तिथल्या हॉलमध्ये तीसेक कर्मचारी होते. पहिल्या दिवशी दुपारी थोरलीनं पोस्टमनची गोष्ट सांगायला घेतली. धाकटी फळ्याशी बसली होती. बापाचं झालं, गाठोड्यांचं झालं, आणि आता ती पेट्यांकडे वळेल असं धाकटीला वाटलं. पण थोरली थांबली आणि म्हणाली, "ही मला विचारायला आली होती. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."

धाकटीनं समोरचे कागद सारखे करायला घेतले.

पुढच्या रांगेतल्या एका तरुण परिचारिकेनं विचारलं, "का नाही सांगितलं?"

"जळत होते."

"कुणावर?"

"ही काय, बसलीय ना."

सगळे हसले. धाकटीही हसली, जरा उशिरानं. थोरली हसली नाही. "तुमच्यापैकी कुणी अशी असेल," ती म्हणाली, "जिला एखाद्याचं सगळं माहीत आहे आणि जी गप्प बसलीय, तिनं चहाच्या सुट्टीत सांगून टाकावं. माझ्याकडे या, हिच्याकडे नको जायला. त्या पोराला टाके पडायच्या आत या, एवढंच."

चहाच्या सुट्टीत तिच्याकडे दोघी आल्या. एक त्यातली पन्नाशीची, रुंद खांद्यांची. थोरली तिला घेऊन बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली आणि घंटा झाली तरी दोघी आत आल्या नाहीत.

नंतर ती मागच्या रांगेत येऊन बसली तेव्हा धाकटी फळ्यावर तक्ता काढत होती. रेघा सरळ, रकाने सारखे, अक्षर मोत्यासारखं, आणि तीसही जणांच्या माना खाली, जो तो लिहून घेत होता. आपलं बोलणं कुणी लिहून घेतलं होतं का, हे थोरली आठवून बघू लागली.